मताचे मोल



मी बँकेत कारकून. चांदवडचा रुपया मुंबईच्या शाखेतही रुपयाच भरतो. मताचे तसे आहे काय?

25 नोव्हेंबर 1949 रोजी बाबासाहेबांनी घटना समितीत एका मताला एकच मूल्य हे तत्त्व बजावले. कलम 170 नुसार राज्यातील विधानसभा मतदारसंघांची लोकसंख्या शक्यतो सारखी हवी. तरीही 2004 ची निवडणूक 1971 च्या शिरगणतीवर आखलेल्या मतदारसंघांत झाली. 2008 च्या पुनर्रचनेत ठाणे जिल्ह्याच्या जागा 13 वरून 24 झाल्या. तोवर तिथले मत किती हलके होते, हिशेब तुम्हीच करा!

मग कोर्टात का जाऊ नये? अमेरिकेत अलाबामाचे मतदार गेले, आणि 1964 साली रेनॉल्ड्स विरुद्ध सिम्स खटल्यात जिंकले. आपल्याकडे कलम 329 आडवे येते. उज्जैनच्या मेघराज कोठारींना 1966 साली सर्वोच्च न्यायालयाने तेच सांगितले. त्यांची तक्रार मतदारसंघ राखीव केल्याची होती. तेव्हा दार बंद राहिले ते बरेच झाले, असे मला वाटते. नाहीतर राखीव जागा स्थगितीतच अडकल्या असत्या. पण हलक्या मताचा माणूसही त्याच दाराबाहेर राहिला. 2024 साली बारडोलीच्या प्रकरणात न्यायालयाने ते किलकिले केले: आदेश उघड मनमानीचा व घटनाविरोधी असेल तर तपासता येईल.

आखणीचा मसुदा राजपत्रात येतो, हरकती मागवतात, जाहीर सुनावणी होते. विद्यार्थी मित्रांनो, हरकतीचा अर्ज लिहायचा असेल तर संध्याकाळी माझ्याकडे या. शिरगणतीचे आकडे मात्र सोबत आणा.