विश्रांतीची मजुरी



आजच्या पत्रिकेवर माझा विषय 'स्त्रियांची दुखणी आणि त्यांनंतरची उभारी' असा छापलेला आहे. मी डॉक्टर नाही. सातवीनंतर शाळेशी माझा संबंध आला तो फीमाफीच्या मोर्चापुरता. पुढचे जे काही शिकलो ते वाचनालयाच्या बाकावर आणि संघटनेच्या कचेरीत. तेव्हा हा विषय ह्या माणसाकडे कसा, असे आपणांपैकी कोणास वाटले तर त्याची चूक नाही. पण तीस वर्षे मी मजुरांचे रजेचे अर्ज लिहीत आलो आहे. बायांच्या अर्जांत कारण एकच असे: 'घरगुती अडचण'. त्या दोन शब्दांखाली काय दडलेले असते, हे कळायला मला फार उशीर लागला. त्या उशिराची कबुली द्यायला मी आज उभा आहे.

आपले पाचगणी हे गावच मुळी विश्रांतीच्या आधारावर वाढलेले. १९१२ साली डॉ. बिलिमोरियांनी येथे बेल-एअर हे क्षयरोग्यांचे आरोग्यधाम काढले. तेव्हा क्षयावर औषध नव्हते. स्ट्रेप्टोमायसिन सापडले १९४३ साली. त्याआधी उपचार म्हणजे कोरडी हवा, ऊन, चांगले अन्न आणि महिनोन्‌महिने पडून राहणे. सगळेच बरे होत असे नाही. पण एक गोष्ट त्या काळच्या डॉक्टरांना पक्की ठाऊक होती, की विश्रांती हा उपचाराचाच भाग आहे. मात्र ती ज्याच्या गाठीला पैसा, त्यालाच मिळे. त्याच गावात रोग्यांची धुणी धुणारी आणि वसतिगृहांतल्या मुलांची भाकरी थापणारी बाई आजारी पडली, तर तिने कोठे पडून राहायचे? हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नाही. आम्हीही विचारला नाही.

बारा-तेरा वर्षांपूर्वी आमच्या संघटनेत एक बाई होत्या. मोठ्या स्वयंपाकघरात काम. तीस-तीस माणसांच्या भाताची पातेली चुलीवरून उतरवायची. चार बाळंतपणे झालेली, प्रत्येक वेळी महिन्याच्या आत कामावर हजर. त्यांचे अंग बाहेर येऊ लागले. एका डॉक्टरांनी सांगितले, पिशवी काढून टाका. मी धावपळ केली. पतपेढीतून कर्ज काढून दिले, मालकाकडून थोडी रक्कम मिळवली, आणि आमच्या फळ्यावर अभिमानाने लिहिले, 'संघटनेच्या प्रयत्नाने शस्त्रक्रिया पार पडली.' पंधराव्या दिवशी बाई पातेल्याशी उभ्या होत्या. मला त्यात काही वावगे दिसले नाही. उलट वाटले, बाई हिमतीची!

वर्षभरात त्या सभेला येईनाशा झाल्या. मी समजलो, काम झाले, आता संघटना कशाला आठवते! शेवटी आमच्या घरातूनच मला कळले. बाईंना खोकला आला, की लघवी थेंबथेंब गळे. वास येईल म्हणून त्या चारचौघींत बसत नव्हत्या. मी भेटायला गेलो तेव्हा त्या एवढेच बोलल्या, "भाऊ, पिशवी गेली, पण दुखणं ऱ्हायलं की."

हे असे का होते, ते मी नंतर डॉक्टरांना विचारून आणि पुस्तके चाळून समजून घेतले. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. गर्भाशय, मूत्राशय आणि गुदाशय यांना ती खालून तोलून धरते. बाळंतपणात ती ताणते. पुरेसा आराम न मिळता ओझी उचलली, की सैल पडते. जुनाट खोकला आणि बद्धकोष्ठ यांचा ताणही तिच्यावरच येतो. बाजेची दोरी सैल झाली तर आपण बाज जाळत नाही, दोरी ओढून घेतो. अमेरिकेतल्या आर्नल्ड केगेल नावाच्या डॉक्टरांनी १९४८ साली ह्या स्नायूंचा व्यायाम सांगितला. लघवी किंवा वारा रोखताना जो भाग आपण आवळतो, तोच आवळायचा, काही क्षण धरायचा, सोडायचा. श्वास कोंडायचा नाही, पोट ताणायचे नाही. एका वेळी आठ-दहा दा, दिवसातून तीनदा, आणि निदान तीन महिने नेटाने. त्याला पैसा लागत नाही. पण तो बरोबर होतो आहे की नाही, हे जाणत्या डॉक्टरकडून किंवा व्यायामोपचार करणाराकडून पाहून घ्यावे. अंग जास्त उतरले असेल तर आत बसवायची कडी मिळते, आणि जरूर तेथे शस्त्रक्रियाही करावीच लागते. मी शस्त्रक्रियेच्या विरुद्ध नाही. पहिले पाऊल सोडून शेवटचे पाऊल टाकण्याच्या विरुद्ध आहे.

आता पसरणीचा घाट उतरून खाली चला. दर हिवाळ्यात आपल्या जिल्ह्याच्या उसाच्या फडांत बीडकडच्या टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून आधीच उचल घेतलेली, म्हणून एक दिवस खाडा झाला की दंड. बाईने मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीवर चढायचे. कोपीत न्हाणी नाही, संडास नाही. अंगावरून पांढरे जाते, पाळीत फार रक्त जाते, आणि मग कोणीतरी सांगते, काढून टाक, कटकट मिटेल. २०१९ साली सरकारी समितीच्या कामात बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. म्हणजे सहांत एक! २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांत हे प्रमाण देशभर शंभरांत तीनच्या आसपास होते. पांढरे जाणे पुष्कळदा जंतूंमुळे असते आणि गोळ्यांनी बरे होते. त्यासाठी पिशवी काढणे म्हणजे ढेकणापायी घर पेटवणे. गरज नसताना होणाऱ्या ह्या शस्त्रक्रियांना आळा घालणाऱ्या केंद्राच्या सूचना राज्यांनी अमलात आणाव्यात, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली बजावले, ते योग्यच झाले.

पण ज्यांची पिशवी गेली, त्यांचे काय? पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर निदान सहा आठवडे जड उचलायचे नसते. पिशवीबरोबर बीजकोशही काढले असतील, तर पस्तिशीच्या बाईला एकाएकी पाळी जाण्याचे वय येते. अंगातून वाफा निघतात, झोप उडते, हाडे ठिसूळ होत जातात. अशा बाईने डॉक्टरांना स्पष्ट विचारावे, 'माझे बीजकोश ठेवले आहेत की काढले?' काढले असतील तर संप्रेरकांच्या गोळ्या घेणे योग्य की नाही, हेही विचारावे. कागदपत्र जपून ठेवावे. हा प्रश्न विचारणे हा उद्धटपणा नव्हे. तो तिचा हक्क आहे.

कायद्याने काही वाटा खुल्या केल्या आहेत. १९२९ साली मुंबई प्रांतात बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा झाला. त्याच्या बाजूने आदल्या वर्षी डॉ. आंबेडकर कौन्सिलात बोलले होते. १९६१ च्या कायद्याने बारा आठवड्यांची पगारी रजा दिली, २०१७ साली ती सव्वीस आठवड्यांवर नेली. पण हजेरीपटावर नाव असेल तिलाच हे लाभते. कोयत्याच्या हिशेबात तर बाईचे नावच नसते. ती नवऱ्याच्या नावातला अर्धा भाग.

म्हणून माझे म्हणणे थोडक्यात असे. आम्ही शस्त्रक्रियेचे पैसे मागितले, त्यानंतरच्या विश्रांतीची मजुरी मागितली नाही. येथे आमचे चुकले. टाका घालणाराचे बिल सगळे देतात. टाका भरून येईपर्यंत पोट कोण भरणार, हे कोणी बोलत नाही. यापुढे संघटनेच्या प्रत्येक मागणीपत्रात तीन कलमे असावीत. बाळंतपण किंवा शस्त्रक्रिया झालेल्या बाईला भरपगारी विश्रांती. परत आल्यावर काही महिने हलके काम, तेही मजुरी न कापता. आणि कामाच्या जागी पाणी, आडोसा व संडास.

त्या बाईंची गोष्ट अर्धी राहिली. सरकारी दवाखान्यातल्या एका डॉक्टरीणबाईंनी त्यांना व्यायाम शिकवला. आम्ही भांडून त्यांना पातेल्यावरून काढून भाजी निवडण्याच्या कामावर घेतले. चार महिन्यांनी त्या सभेला आल्या, आणि दाराशी न बसता पुढच्या रांगेत बसल्या. त्या पूर्ण बऱ्या झाल्या असे मी म्हणणार नाही. अजून जिना चढताना थांबतात. पण त्या दिवशी त्यांनी हात वर करून मला विचारले, "भाऊ, माझ्या पंधरा दिवसांच्या रजेचा पगार कोण देणार होतं?"

त्याचे उत्तर मजपाशी तेव्हा नव्हते. ते आपण सर्वांनी मिळून द्यायचे आहे.