आरंभीचा दमा आणि औषधाची कसोटी

(सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमातील व्याख्यान)



भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची श्वसनविकारांची पाहणी २०१२ साली प्रसिद्ध झाली. तिच्या बारा केंद्रांत नागपूरही होते. १,६९,५७५ प्रौढांत शेकडा सुमारे दोघांना दमा आढळला. तरीही ‘स्टेरॉइड’ हा शब्द कानी पडताच अनेक घरांत इन्हेलर कपाटात जातो.

दमा सौम्य असतानाच हे औषध सुरू करावे काय? वैद्यकाने हा प्रश्न केवळ मतावर सोडला नाही. ‘स्टार्ट’ या चाचणीत ३२ देशांतील, ५ ते ६६ वर्षे वयाचे ७,२४१ रुग्ण घेतले गेले. सर्वांचा दमा सौम्य आणि दोन वर्षांच्या आतला होता. एका गटाला दिवसातून एकदा बुडेसोनाइड मिळाले, दुसऱ्याला तशाच उपकरणातून औषधविरहित पूड. वाटणी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी झाली. कोणाला काय मिळाले, हे रुग्ण व डॉक्टर दोघांपासूनही गुप्त ठेवले गेले. कारण औषध घेतल्याच्या विश्वासानेही बरे वाटते आणि आशेमुळे डॉक्टरांची दृष्टीही एका बाजूस झुकते.

मग निम्म्या रुग्णांना औषधाविना ठेवणे ही हिंसा नव्हे काय? प्रश्न रास्त आहे. म्हणूनच दम्याची नेहमीची औषधे दोन्ही गटांत चालूच होती.

निष्कर्ष २००३ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. तीन वर्षांत, सुमारे साडेतीन हजारांच्या प्रत्येक गटात, औषधविरहित गटातील १९८ जणांना दम्याचा गंभीर झटका आला. बुडेसोनाइड घेणाऱ्यांत ११७ जणांना. मात्र अकरा वर्षांखालील मुलांची उंची वर्षाला सरासरी ०.४३ सेंटिमीटर कमी वाढली. संशोधकांनी लाभासोबत ही उणीवही नोंदवली. एकाच सत्याच्या दोन्ही बाजू मांडणारी ही वृत्ती अनेकांतवादाच्या उपासकांना परकी वाटू नये. २०१९ पासून आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही प्रौढ व किशोरवयीन दमेकऱ्यांना श्वासावाटे घेण्याचे स्टेरॉइड असलेलेच उपचार सुचवितात.

चौविहार पाळणाऱ्यांसाठी एक व्यवहार्य गोष्ट. हे औषध घेतल्यावर चूळ भरावी लागते. म्हणून सायंकाळची मात्रा सूर्यास्तापूर्वी घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारून ठरवावे. नियम पाळण्यासाठी औषध सोडू नये, आणि धाप लागली असता तर वेळ पाहूच नये. स्वतःचा श्वास जपणे हीदेखील जीवदयाच आहे.