दूरशिक्षण आणि स्वाध्याय



२००९ साली मोहन्याचा एनआरसी कारखाना बंद पडला आणि शिकता शिकता कमावणे ही अनेक घरांची गरज झाली. अशा विद्यार्थ्यांसाठी मुंबई विद्यापीठात १९७१ पासून, तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठात १९८९ पासून दूरशिक्षणाची सोय आहे.

परंतु केवळ सोय आहे म्हणून प्रवेश घ्यावा काय? येथे रोजची घंटा नाही, हजेरी नाही, रागावणारे गुरुजी नाहीत. स्वाध्याय हा शब्द आपणांस नवा नाही. दूरशिक्षण म्हणजे नित्यनेमाचा स्वाध्यायच होय. म्हणून अर्ज भरण्यापूर्वी एक महिना स्वतःचीच परीक्षा घ्यावी. रात्री आंबिवलीला लोकलमधून उतरून घरी आल्यावर, कोणी न सांगता, रोज ठरलेला एक तास अभ्यासाला बसता आले, तर हा मार्ग आपला आहे. ते न साधल्यास सायंकाळचे वा सकाळचे महाविद्यालय शोधावे. त्यात कमीपणा मुळीच नाही.

अभियांत्रिकी, वैद्यक यांसारख्या प्रात्यक्षिकप्रधान विषयांस मात्र हा मार्ग नाही. अभ्यासक्रमास विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता आहे की नाही, हेही आधी पाहावे. पैसा पुन्हा मिळवता येतो. गेलेले वर्ष परत येत नाही.