कोटेशनमध्ये जे लिहिलेलं नसतं : कमी बजेटचा गेमिंग पीसी

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचं पूर्ण शब्दांकन.)

आजचा भाग बसमध्ये हेडफोन लावून ऐकत असाल तरी फोनमधलं नोट्स अ‍ॅप उघडून ठेवा, कारण आज आकडे बरेच येणार आहेत.

विषय आहे कमी बजेटचा गेमिंग पीसी. म्हणजे साधारण ४० ते ६० हजारांतला. तुमच्यापैकी बरेच जण मोबाइलवर बीजीएमआय खेळत आलात आणि आता मोठी स्क्रीन, माउस, कीबोर्ड हवाय. घरी आपण सांगतो, ‘इंजिनिअरिंगला लागतो’, ‘एडिटिंग शिकायचंय’. ते खोटंही नसतं. पण पैसे कुठून येतात? आईच्या भिशीतून, बाबांच्या बोनसमधून, नाहीतर आपल्याच पहिल्या नोकरीच्या पगारातून सहा महिने साठवून. आणि एकदा खोका फोडला की दुकानदार तो परत घेत नाही. म्हणून पैसे देण्याआधीचा अर्धा तास फार महत्त्वाचा.

आता ही जाहिरात बघा. व्हॉट्सॲप स्टेटसवर, इन्स्टाच्या रीलवर अशी तुम्ही शंभरदा पाहिली असेल: ‘आय७ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, ४ जीबी ग्राफिक कार्ड, ४५० वॅट एसएमपीएस, आरजीबी कॅबिनेट, फक्त ४५ हजार.’

यातला एकही शब्द खोटा नसेल. तरीही हा पीसी भंगार निघू शकतो. कारण कोटेशनमध्ये जे लिहिलेलं नसतं, पैसे तिथेच बुडतात. चला, एकेक ओळ घेऊ.

पहिली ओळ, आय७. कुठला आय७? कितव्या पिढीचा? आय७ २६०० हा २०११चा प्रोसेसर. त्यात ४ कोअर आणि ८ थ्रेड. आता आय३ १२१००एफ घ्या, २०२२चा. त्यातही ४ कोअर, ८ थ्रेड. पण प्रत्येक कोअर इतका वेगवान, की गेममध्ये हा आय३ त्या आय७ला सहज मागे टाकतो. नावातला ७ किंवा ३ बघून काही कळत नाही, त्याच्या पुढचा आकडा बघायचा. १२१०० म्हणजे बारावी पिढी, २६०० म्हणजे दुसरी.

जुन्या पिढीची दुसरी अडचण त्याहून मोठी आहे. विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे आणि एएमडीच्या रायझन २००० मालिकेपासून पुढे चालतं. जुगाड करून जुन्या मशीनवरही टाकता येतं, पण मग व्हॅलोरंट अडतो. विंडोज ११वर त्याला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट लागतं. म्हणजे ज्या गेमसाठी पीसी घेतला, तोच उघडणार नाही. आणि त्या जुन्या बोर्डावर डीडीआर३ रॅम असते, ती आजच्या पिढीच्या बोर्डांना बसत नाही. उद्या अपग्रेड करायचं म्हटलं तर प्रोसेसर, बोर्ड, रॅम तिन्ही नव्याने घ्या.

आता प्रोसेसरच्या नावातलं शेवटचं अक्षर. इंटेलमध्ये ‘एफ’ असेल तर आत ग्राफिक्स नाही. कार्ड लावलं नाही तर स्क्रीन काळीच राहणार. रायझन ५ ५६०० हा ६ कोअरचा प्रोसेसर, त्यातही ग्राफिक्स नाही. पण ५६००जी मध्ये आहे. हे लक्षात ठेवा, कारण बजेट अगदीच कमी असेल तर यातच एक चांगला रस्ता आहे: आज ५६००जी घ्यायचा, सेटिंग कमी ठेवून व्हॅलोरंट, जीटीए ५ खेळायचे, आणि वर्षभराने पैसे जमले की ग्राफिक कार्ड टाकायचं. आज कसंतरी एक टाकाऊ कार्ड कोंबण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

दुसरी ओळ, १६ जीबी रॅम. एक स्टिक की दोन? दुकानदाराला हाच प्रश्न विचारा. ८-८च्या दोन स्टिक असतील तर प्रोसेसर दोन्हींशी एकाच वेळी बोलतो, त्याला ड्युअल चॅनल म्हणतात. ५६००जी सारख्या प्रोसेसरला तर हे अत्यावश्यक आहे, कारण त्याच्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, तो रॅममधूनच उसनी घेतो. एकच स्टिक असेल तर गेम अडखळलाच म्हणून समजा. आणि पीसी घरी आला की बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी चालू करा. नाहीतर ३२०० वेगाची रॅम २१३३ किंवा २४०० वर रांगत राहते आणि कुणाला पत्ताही लागत नाही.

इथेच एक सूचना. २०२५च्या शेवटाला रॅमचे भाव चांगलेच चढले, कारण मेमरी बनवणाऱ्या कंपन्यांचा ओढा एआयच्या डेटा सेंटरकडे गेला. त्यामुळे त्याआधीच्या व्हिडिओंमध्ये ऐकलेली किंमत डोक्यात ठेवून दुकानात गेलात तर धक्का बसेल. मीही म्हणूनच आज एकेका पार्टची किंमत सांगत नाहीये. त्या दिवसाचा भाव त्या दिवशीच बघायचा.

तिसरी ओळ, एसएसडी. ‘एम डॉट टू’ हा फक्त आकार आहे. त्या आकारात साटाही येते आणि एनव्हीएमईही. एनव्हीएमईचाच भाव देत असाल तर एनव्हीएमईच मागा. आणि जागेचा विचार करा. आजकाल मोठा गेम १०० जीबी सहज खातो. ५१२ जीबीमध्ये विंडोज धरून तीन-चार मोठे गेम, संपलं. बोर्डावर दुसरी एसएसडी लावायला जागा आहे का, एवढं विचारून ठेवा.

चौथी ओळ सगळ्यात महत्त्वाची. ४ जीबी ग्राफिक कार्ड. अरे, पण कुठलं? जीटी ७३० हे २०१४चं कार्ड ४ जीबीत मिळतं. ते चित्र दाखवण्यापुरतं आहे, गेमिंगसाठी नाही. जीटीएक्स १६५० हे २०१९चं, तेही ४ जीबी. आरएक्स ६५०० एक्सटी हे २०२२चं, तेही ४ जीबी. तिघांत जमीन-अस्मानाचा फरक, पण जाहिरातीत तिन्ही ‘४ जीबी’. जीबी म्हणजे कार्डाची ताकद नाही, ते कार्डाचं गोदाम आहे.

त्यात ६५०० एक्सटीची आणखी एक गोम आहे. ते कार्ड बोर्डाशी फक्त ४ लेनने बोलतं. बी४५० किंवा ए५२० सारख्या बोर्डावर, जिथे पीसीआय एक्सप्रेसची तिसरी आवृत्ती आहे, तिथे ते आणखी मंदावतं. मघाशी सांगितलेल्या ५६००जीचंही तेच, तोही तिसऱ्या आवृत्तीवरच थांबतो. त्यामुळे उद्या त्याला जोडायला कार्ड घ्याल तेव्हा हे कार्ड टाळा. शिवाय त्यात व्हिडिओ एन्कोडर नाही, म्हणजे गेम रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकायचं स्वप्न असेल तर सगळा भार प्रोसेसरवर येणार.

एकाच नावाची दोन कार्डंही असतात बरं का. आरटीएक्स ३०५० आधी ८ जीबीत आलं, मग २०२४मध्ये ६ जीबीत. फरक फक्त मेमरीचा नाही, ६ जीबीवाल्यात कोअरही कमी आहेत. त्याचा फायदा एकच, ते ७० वॅटमध्ये भागवतं आणि वेगळी पॉवर केबल मागत नाही.

मग घ्यायचं काय? १०८०पी मॉनिटरवर खेळायचं असेल तर आज निदान ८ जीबीचं कार्ड धरा. आरएक्स ६६०० हे याच वर्गातलं, ८ जीबी, १३२ वॅट. मॉनिटर सोडून ५० हजारांचं बजेट असेल तर त्यातले १८ ते २० हजार एकट्या कार्डाला जाऊ द्या. गेमिंग पीसीत पैसे इथेच बोलतात.

सेकंड हँड घेऊ का, असं बरेच जण विचारतात. घ्या, पण डोळे उघडे ठेवून. सप्टेंबर २०२२मध्ये इथेरियमचं ग्राफिक कार्डांवरचं मायनिंग बंद झालं आणि दिवसरात्र राबलेली कार्डं बाजारात आली. कार्ड समोर लावून बघा. जीपीयू-झेड नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाकलं की कार्डाची खरी कुंडली दिसते. उदाहरणार्थ, आरएक्स ५८० म्हणून विकलं जाणारं कार्ड बऱ्याचदा २०४८ कोअरचं असतं, खऱ्या ५८०मध्ये २३०४ असतात. मग फरमार्क १५-२० मिनिटं चालवा. स्क्रीनवर ठिपके आले, पीसी बंद पडला, पंखा खडखडला, तर नमस्कार करून निघा. समोर तपासू देत नसेल तर तो सौदाच नको.

पाचवी ओळ, ४५० वॅट एसएमपीएस. कॅबिनेटसोबत ‘फ्री’ येतो ना, तो. त्याच्या अंगावर एक स्टिकर असतो. त्यावर ‘+१२ व्होल्ट’चा रकाना शोधा आणि त्याखालच्या अँपिअरला १२ने गुणा. समजा तिथे १८ अँपिअर आहेत. १८ गुणिले १२, २१६ वॅट. प्रोसेसर आणि कार्ड जवळपास सगळी वीज या १२ व्होल्टवरूनच घेतात. म्हणजे वर ४५० लिहिलंय, पण कामाचे २१६. आता ६६०० कार्डाचे १३२ आणि प्रोसेसरचे ६५ मिळवा, झाले १९७. बोर्ड, पंखे, एसएसडी सगळ्यांना मिळून उरले १९ वॅट. आणि गेम रंगात आला की कार्ड क्षणभर याहून जास्त खेचतं. असा एसएमपीएस जळताना एकटा जात नाही, कधीकधी बोर्ड आणि कार्डही सोबत नेतो.

म्हणून नामांकित कंपनीचा, ८० प्लस ब्राँझचा, ५०० ते ५५० वॅटचा वेगळा एसएमपीएस घ्या. ‘८० प्लस’ म्हणजे वीज किती वाया जाते याचं माप आहे, त्याने दर्जाची पूर्ण हमी मिळत नाही. तेव्हा १२ व्होल्टचं गणित तिथेही करायचंच. आणि गावाकडे, जिथे व्होल्टेज वरखाली होतं, लाइट अचानक जाते, तिथे छोटा यूपीएस जोडा. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट देतो. त्यावर मॅच पूर्ण होणार नाही, पण काम सेव्ह करून पीसी नीट बंद करता येतो.

सहावी ओळ, आरजीबी कॅबिनेट. पुढून काच बंद असेल तर हवा आत कुठून जाणार? पुढे जाळी असलेलं साधं कॅबिनेट घ्या. दिव्यांचे दोन-तीन हजार वाचवून कार्डात टाका.

आता कोटेशनमध्ये मुळीच नसलेल्या गोष्टी. मॉनिटर आहे का? कीबोर्ड-माउस? स्वस्त बोर्डांवर वायफाय बहुतेक नसतं, त्याचा वेगळा अ‍ॅडॉप्टर लागतो. विंडोजचं लायसन्स? आणि ती सगळ्यात बारीक अक्षरं, ‘जीएसटी एक्स्ट्रा’. ४५ हजारांवर १८ टक्के म्हणजे ८,१०० रुपये. झाले ५३,१००. बिल नको, स्वस्तात देतो, असं कुणी म्हणालं तर हात जोडा. पक्कं बिल, त्यावर प्रत्येक पार्टचा सीरियल नंबर. दोन वर्षांनी वॉरंटी मागायला जाल तेव्हा तोच कागद कामाला येतो.

मग करायचं काय? लॅमिंग्टन रोडला जा, दिल्लीत असाल तर नेहरू प्लेसला जा, नाहीतर तुमच्या तालुक्याच्या दुकानात जा. पद्धत एकच. आधी ठरवा कुठले तीन गेम खेळायचेत आणि मॉनिटर कुठला. त्यावरून कार्ड. कार्डावरून प्रोसेसर आणि एसएमपीएस. मग प्रत्येक पार्टचं पूर्ण मॉडेल लिहिलेली एकच यादी तीन दुकानदारांना पाठवा. भाव जीएसटीसकट मागा. जो नुसतं ‘आय७, ४ जीबी’ असं उत्तर पाठवेल, त्याला पुन्हा एकदा विचारा. तरीही मॉडेल सांगत नसेल तर पुढचं दुकान.

पीसी घरी आला की दोन गोष्टी लगेच बघा. मॉनिटरची केबल ग्राफिक कार्डाच्या पोर्टला लावलीय ना? बोर्डाच्या पोर्टला लावली तर २० हजारांचं कार्ड नुसतं बसून राहील. आणि मॉनिटर १४४ हर्ट्‌झचा असेल तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन तो आकडा स्वतः निवडा, बऱ्याचदा तो ६० वरच अडकलेला असतो.

तुमच्या हातात एखादं कोटेशन असेल तर नाव-नंबर झाकून फोटो पाठवा. पुढच्या भागात त्यातली दोन-तीन घेऊन अशीच ओळीओळीने वाचू. तोपर्यंत घाई करू नका, भाव विचारत राहा. भेटूच!