पांथस्थाचा निवारा
(जीर्णोद्धार समारंभात झालेले भाषण)



देवळाचा जीर्णोद्धार म्हणजे केवळ शिखराला रंग आणि गाभाऱ्याला नवी फरशी नव्हे. देवळाला लागून ओवऱ्या असतात, आणि ओवरी ही पूर्वापार वाटसरूच्या मुक्कामाची जागा. दिवस मावळला की परगावचा माणूस देऊळ नाही तर चावडी विचारीत येई. या खेपेस ओवऱ्यांचीही डागडुजी झाली आहे. आता त्या भाड्याने द्याव्यात की पूर्वीप्रमाणे खुल्या ठेवाव्यात, हा प्रश्न गावापुढे आहे. निर्णय करण्यापूर्वी मुक्कामाच्या जागांतील फरक नीट पाहणे इष्ट ठरेल.

हा फरक खोलीच्या आकाराचा किंवा पलंग-गादीचा नाही. निवाऱ्याचा खर्च कोण सोसतो, हा खरा फरक होय. जो खर्च सोसतो, त्याच्या रीतीने दार उघडते.

पहिला प्रकार सरकारी. शेरशहा सूरीने 1540 ते 1545 या आपल्या कारकिर्दीत मोठ्या रस्त्यांवर सराया बांधल्या. त्यांत हिंदू व मुसलमान प्रवाशांची सोय निरनिराळी असे. पुढे इंग्रजी अमलात टप्प्याटप्प्यावर डाक बंगले झाले. तेथे खानसामा असे. आजची सरकारी विश्रामगृहे त्याच परंपरेतली. खर्च सरकारचा, म्हणून प्रथम हक्क दौऱ्यावरील अधिकाऱ्याचा. खोली रिकामी असेल तर इतरांस मिळते. यात गैर काही नाही, कारण ती बांधलीच कामकाजासाठी.

दुसरा प्रकार लॉजिंग-बोर्डिंगचा. लॉजिंग म्हणजे झोपण्याची सोय व बोर्डिंग म्हणजे जेवणाची. येथे खर्च प्रवासी स्वतः सोसतो. ओळखपत्र दाखवावे, रजिस्टरात नाव लिहावे, भाडे भरावे, किल्ली घ्यावी. कोणाचे उपकार नाहीत. परंतु खिशात पैसे नसले की दार बंद. अलीकडे घरगुती निवास व न्याहारीची सोयही निघाली आहे. तेथे घरची भाकरी मिळते, तरी हिशेब भाड्याचाच.

धंदा झाला तरी काही बंधने पाळावीच लागतात. 1867 च्या सराई कायद्याने सराईवाल्यावर नोंदणीची सक्ती केली. जागा स्वच्छ ठेवणे, पहारेकरी नेमणे, दराचा तक्ता लावणे आणि साथीचा रोगी आढळल्यास वर्दी देणे, ही कामे त्याच्यावर घातली. दीडशे वर्षांपूर्वीची ही यादी आजही कोणत्याही मुक्कामाच्या जागेस लागू पडावी अशीच आहे.

तिसरा प्रकार मठाचा. पंढरपुरात अनेक फडांचे व दिंड्यांचे मठ आहेत. खर्च त्या मंडळींचा, म्हणून जागाही प्रथम त्यांच्या वारकऱ्यांस. त्याच्या जवळचा भक्तनिवास. शिर्डी, शेगाव येथे संस्थाने ते चालवितात. भाडे माफक असते, बाकीचा भार संस्थान उचलते.

चौथा प्रकार धर्मशाळेचा. येथे खर्च दात्याचा आणि राहणारा अनोळखी. पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर (1725-1795) यांनी आपल्या राज्याबाहेरच्या तीर्थक्षेत्रीही धर्मशाळा व घाट बांधले. बांधणाऱ्याने राहणाऱ्याचे तोंडही पाहिलेले नसते, यातच या दानाचे मोठेपण आहे.

पण धर्मशाळेच्या दारातही एक प्रश्न विचारला जाई, तो जातीचा. पायी वारी करून आलेल्या अस्पृश्य वारकऱ्याला पंढरपुरात धर्मशाळा बंद असत. मंदिराचे दारही साने गुरुजींच्या उपोषणानंतर 1947 साली उघडले. गाडगे महाराजांनी (1876-1956) ही उणीव ओळखून तेथे चोखामेळा धर्मशाळा उभी केली व 1949 साली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीस दिली. मुंबईत दादरला महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. टाटा रुग्णालयात उपचारासाठी खेड्यापाड्यांतून आलेले कॅन्सरचे रोगी व त्यांचे नातेवाईक तेथे उतरतात. महागड्या शहरात महिनोन् महिने लॉजचे भाडे भरणे त्यांपैकी कितीजणांस शक्य झाले असते?

आता गावच्या ओवऱ्यांकडे वळू या. भाड्याची खोली आपला झाडू, दिवा आणि पाणी भाड्यातून भागविते. खुल्या ओवरीला मिळकत नाही. म्हणूनच पुष्कळ धर्मशाळा बांधल्या गेल्या पण टिकल्या नाहीत. दगडावर नाव कोरून देणगी देणारे भेटतात. झाडलोटीसाठी देणारा विरळा. भाड्याची मागणी करणाऱ्यांची ही चिंता रास्त आहे, तिला हसून चालणार नाही.

यास्तव मधला मार्ग असा दिसतो. काही ओवऱ्या माफक भाड्याने द्याव्यात. निदान एक ओवरी विनामूल्य राखावी. देणगीची काही रक्कम बँकेत कायम ठेव करून तिच्या व्याजातून दिवाबत्ती, पाणी व झाडलोट चालवावी. उतरणाऱ्याचे नाव, गाव नोंदवहीत लिहावे व मुक्कामाची मुदत ठरवून फलक लावावा. जात, पंथ मात्र कोणी विचारू नये.

देणगीदारांच्या नावांची शिला भिंतीत बसली आहेच. रात्री उशिरा एखादी म्हातारी पोराचा हात धरून येईल, तिला ती शिला वाचता येणार नाही. पण ओवरीत दिवा जळत असला, तर हे गाव कसे आहे ते तिला कळेल.

इत्यलम्.