निळ्या ग्रहावरचा आडवा पाऊस

जंबुक तारकासमूहात, आपल्यापासून सुमारे ६४ प्रकाशवर्षांवर एचडी १८९७३३ बी नावाचा ग्रह आहे. २००५ साली सापडलेला. गुरूहून किंचित मोठा, पण आपल्या ताऱ्याला इतका खेटून फिरतो की त्याचं वर्ष जेमतेम सव्वादोन दिवसांत संपतं.

२०१३ मध्ये हबल दुर्बिणीनं त्याचा रंग ओळखला: गडद निळा. निळा म्हटलं की आपल्याला समुद्र आठवतो. इथे तापमानच हजार अंश सेल्सिअसच्या आसपास, समुद्र कुठला! हा निळेपणा बहुधा वातावरणात तरंगणाऱ्या सिलिकेटच्या, म्हणजे काचेच्या जातीच्या, कणांमुळे येतो. आणि वारे ताशी हजारो किलोमीटर वेगाचे. तिथे पाऊस पडत असेलच, तर तो काचेचा, आणि आडवा झोडपणारा. २०२४ मध्ये वेब दुर्बिणीच्या निरीक्षणांतून तिथे हायड्रोजन सल्फाइडही आढळला. सडक्या अंड्यांना ज्याचा वास येतो, तोच वायू.