पाळणाघराची फी : थोडा हिशेब



फीबद्दल तक्रारी आल्या. आम्ही पडलो बँकेतले कारकून, म्हणून आधी हिशेब. राजीव गांधी राष्ट्रीय पाळणाघर योजनेत 90 टक्के खर्च केंद्राचा, 10 टक्के संस्थेचा असे. 1 जानेवारी 2017 पासून केंद्र 60, राज्य 30. संस्थेचे 10 तसेच राहिले. 2022 मध्ये योजना 'पाळणा' नावाने मिशन शक्तीत गेली. अनुदान लांबले की सेविकेचे मानधन थकते. फी माफ कशी करणार?

पण मुरूडची कोळीण म्हणते, 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, पैसे आणू कुठून? तिचेही खरेच. परवा तिची थोरली शाळेच्या वेळी घरी दिसली, भाऊ कडेवर. त्या दोन महिन्यांची फी नारळी पौर्णिमेनंतर घ्यावी, असा ठराव आम्ही मांडतो.